बाहेरचं वाचन

मार्च लागला की आमच्याकडं वरून काजळी पडते. तोड झालेल्या उसाच्या फडात पाचट पेटवतात. त्या जळक्या पानांच्या लांबट काळ्या वळ्या वाऱ्यावर तरंगत येतात आणि दोरीवरच्या धुण्यावर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, शाळेच्या पत्र्यावर बसतात. हात लावला की मोडतात, बोटाला डाग ठेवतात. वारा पाटसकडून फिरला तर कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड वास येतो. ज्यांचा जन्म इथं गेला त्यांना तो वास येत नाही. मलाही येत नव्हता. दोन वर्षांपासून यायला लागलाय.

याच दिवसांत साक्षरता वर्गातल्या मोठ्या माणसांची परीक्षा असते. रविवार असतो, शाळेतली लहान बाकं असतात, आणि त्यांत गुडघे न मावणाऱ्या बायका असतात. परवा मला निरोप आला, यंदाच्या परीक्षेला मदतीला या, तुम्ही अनुभवी आहात. अनुभवी हा शब्द मी दोनदा वाचला. मग फोन पालथा घातला आणि दोरीवरचं धुणं काढायला गेले. पांढऱ्या ओढणीवर काजळी बसली होती. झटकायची असते, पुसायची नसते. मी पुसली.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील दौंडला रेल्वेत होते. ड्यूटीवरून येताना त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी पत्रकांचा गठ्ठा असायचा आणि जेवणं झाली की आम्ही बहिणी घड्या घालायला बसायचो. शाईचा वास अजून ओला असायचा. शाळेत नाव घालायच्या आधीच मी त्या मथळ्यांवरून अक्षरं उचलली. इतर मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा घर वाचलं असेल, बदक वाचलं असेल. मी वाचलं, जाब. म्हणजे काय, असं विचारल्यावर वडील म्हणाले, "ज्यानं अन्याय केला त्याला समोर उभं करून विचारायचं, का रे बाबा?" मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की पुढं मी स्वतः पत्रकं लिहायला लागले तेव्हा एकात लिहिलं, अक्षर कळलं की अन्याय कळतो आणि अन्याय कळला की माणूस उठतो. त्यातलं पहिलं अर्धं खरं निघालं.

बी.ए. झाले होते, नोकरी नव्हती, आणि अंगात भरपूर आग होती. अशा माणसाला वर्ग द्यावा की नाही याचा विचार कुणी करत नाही. अर्ज भरला की पुस्तकांचा खोका मिळतो.

वर्ग दुपारी तीनला, शाळेच्या व्हरांड्यात भरायचा. सकाळपाळीची खुरपणी उरकून, भाकरी खाऊन बायका यायच्या. नखांत माती, पदरात तंबाखूची पुडी. बारा जणी होत्या. ओढ्याअलीकडच्या आमच्या वस्तीतल्या चार, बाकीच्या पलीकडच्या धनगरवाड्यातल्या. पहिले आठ दिवस त्या दोन ओळी करून बसल्या. मग ऊन सरकायला लागलं आणि सावलीचा एकच पट्टा उरला, तेव्हा एका ओळीत आल्या. हे माझं यश नव्हतं, उन्हाचं होतं.

ठकूबाई त्यांतल्या सगळ्यांत थोरल्या. वय साठीच्या पुढं, एक गुडघा धरलेला. नवरा वारला, मेंढरं विकून बारा वर्षं झाली. घरात एकट्या. थोरला मुलगा नवनाथ शिक्रापूरला कंपनीत, धाकटा बिरू दौंडला रेल्वेत, मुलगी सुरेखा शिरूरला दिलेली. त्या अक्षरं ज्या रीतीनं शिकल्या तशी रीत कुठल्याच पुस्तकात नाही. मी फळ्यावर म आणि भ काढला तर त्या म्हणाल्या, "आमच्यात मेंढराच्या कानाला खाच पाडत्यात, बाई. हरेक घराची खाच येगळी. हजार मेंढरं एकात एक मिसळली तरी आपलं सापडतं. ह्यान्ला बी खाचाच हायत की!"

"मग ओळखा, हे कुणाचं मेंढरू?"

"ह्ये भ. ह्याचा कान फाटलाय."

सगळ्या हसल्या. पण महिनाभरात त्यांना पुऱ्या कळपाची ओळख पटली होती.

त्या का शिकत होत्या हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नवनाथनं जुना फोन दिला होता आणि त्यात तिन्ही मुलांचा एक ग्रुप होता. ग्रुपचं नाव, आईचा आशीर्वाद. रोज सकाळी त्यात मुलांचा आवाज यायचा. ठकूबाई तो वर्गात सगळ्यांना ऐकवायच्या. "आई, जेवलीस का गं? गोळी घेतलीस का? जपून राहा." मग सुरेखाचा. मग कधीतरी बिरूचा, पाठीमागं गाडीचा भोंगा. बायका कान देऊन ऐकायच्या.

"ठके, तुझं नशीब थोर," शांताबाई म्हणायची. ही त्यांची शेजारीण, जिभेला हाड नसलेली. "माझा ल्योक शेजारच्या खोलीत हाय. सहा म्हैने झालं, बोलला न्हाई. त्याला सांगती, शिक्रापूरला जा बाबा, म्हंजी तरी फोनात बोलशील."

आवाजांच्या मधे मधे लिहिलेल्या ओळी असायच्या. ठकूबाई त्यांवरून बोट फिरवायच्या. "आन् ह्ये मुंग्यावाणी काय हाय, त्ये मला वाचायचंय. बोलत्यात त्ये ऐकलं. पन लिवत्यात जास्त. बोलायला मानूस लाजतं, बाई. लिवल्यालं जास्त मायेचं आसल."

येवढं वाचून दावा की, असं त्यांनी मला एकदा म्हटलंही. मी मान हलवली. तत्त्वाचा प्रश्न होता. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणं म्हणजे गुलामी, असं काहीतरी मी बोलले. "संक्रांतीपर्यंत तुम्हीच वाचाल, मावशी. मी वाचून देणार नाही." त्या खूश झाल्या. मी त्याहून खूश झाले.

डिसेंबरात एका दुपारी त्यांच्या फोनचा आवाज गेला. मुलं बोलतायत असं दिसतंय पण ऐकू येत नाही, म्हणून त्या घाबऱ्याघुबऱ्या माझ्या घरी आल्या. बटण दाबलं गेलं होतं, एवढंच. ते नीट करताना ग्रुप उघडा होता आणि माझ्या डोळ्यांना वाचायची लहानपणापासूनची सवय. सुरेखानं लिहिलं होतं, "दिवाळीला आई येऊन गेली, आठ दिवस गोधडीचा वास जाईना." खाली नवनाथनं लिहिलं होतं, "आपण ये म्हणायचं. ती नाहीच म्हणते. तेवढं बरं आहे."

फोन त्यांच्या हातात दिला. आवाज आला. "आई, ये ना इकडं राहायला," नवनाथ म्हणत होता. ठकूबाईंनी फोन तोंडाशी धरला आणि लाडानं उत्तर दिलं, "नगं रं बाळा, तुमची अडचन व्हती. मी हितंच बरी." आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "रोज बोलावतंय बघा. हट्टच धरतंय."

त्या वेळी मी तीन गोष्टी करू शकले असते. सांगू शकले असते. ग्रुपमधलं सगळं पुसून टाकू शकले असते. आवाज नीट करताना फोन माझ्याच हातात होता. किंवा त्यांना नावगाव, बसची पाटी, औषधाचं नाव येईपर्यंत शिकवून थांबू शकले असते. मी चौथी गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवे शब्द लिहिले. ये. ने. जागा. वास. घर. नाही. पुस्तकात तो धडा नव्हता. पुस्तकात कमळ होतं आणि सरबत होतं.

लोक मला आजही म्हणतात, तू चांगलं केलंस, शिकवलंस. चांगलं करताना माणसाच्या तोंडाला कसलं पाणी सुटलेलं असतं हे कुणी विचारत नाही. मला ती ओळ त्यांच्या तोंडून ऐकायची होती. एक फसवली गेलेली बाई स्वतःच्या डोळ्यांनी फसवणूक वाचते आणि उठते, असं दृश्य मी लहानपणापासून छापील पाहत आले होते. प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. ठकूबाईंचा वेग मी वाढवला. इतर अकरा जणी जोडाक्षरांशी झगडत होत्या आणि मी त्यांना वर्ग सुटल्यावर थांबवून घेत होते.

फेब्रुवारीत मी वर्गाला सांगितलं, आता बाहेरचं वाचन. घरातून काहीही आणा ज्याच्यावर अक्षरं आहेत. कुणी युरियाची पिशवी आणली, कुणी लग्नपत्रिका, कुणी खोकल्याच्या औषधाचा खोका. शांताबाईनं मुलाच्या कंपनीचं ओळखपत्र ढापून आणलं होतं. "बोलत न्हाई तर न्हाई, नाव तरी वाचू दे मेल्याचं." वाचायची आमची रीत ठरलेली होती. एकीनं बोट ठेवून एक एक शब्द वाचायचा, ओळ झाली की सगळ्यांनी मिळून मोठ्यानं ती म्हणायची. पहिलीच्या वर्गात म्हणतात तशी, सुरात. बायकांना ते फार आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मोठा निघत होता आणि कुणी गप्प बस म्हणत नव्हतं.

ठकूबाईंनी फोन आणला होता. पदरानं पुसला, मांडीवर धरला, बोट ठेवलं.

नवं वाचायला शिकलेल्या माणसाचं एक असतं. तो अक्षर वाचतो, मग पुढचं अक्षर वाचतो, आणि शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत अर्थ मागं राहिलेला असतो. एवढी ताकद बोटात गेलेली असते की कानात काही उरत नाही. ठकूबाईंनी वाचलं, "आई. चा. आईचा. गुड. घा. गुडघा. गे. ला."

बायकांनी सुरात म्हटलं, "आईचा गुडघा गेला!"

"आता. तू. ने."

"आता तू ने!"

एक दोघी हसल्या. ठकूबाईही हसल्या, शब्द ओळखीचे लागत होते याचा आनंद होता. बोट खाली सरकलं.

"मा. झ्या. घरी. जागा. नाही."

"माझ्या घरी जागा नाही!"

"ति. च्या. अं. गाला. में. ढ. रांचा. वास. ये. तो."

आणि अकरा तोंडांनी, मोकळ्या आवाजात, वर्षानुवर्षं शेजारी राहिलेल्या बायकांनी, ठकूबाईंकडं बघत म्हटलं, "तिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो!"

त्यांना स्वतः वाचताना कळलं नव्हतं. ते त्या सुरातून कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यासाठीच तर बसले होते. शांताबाई पहिल्यांदा थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला. पण कडेला बसलेली एक बहिरट म्हातारी, तिला काय चाललंय ते उमगलं नाही. ती एकटीच पुढं म्हणत राहिली, येतो, येतो.

फोन घ्यावा, पुस्तक उघडावं, सुट्टी द्यावी, काही म्हणजे काही सुचलं नाही. ठकूबाईंनी पुढची ओळ वाचली. या वेळी कुणी मागं म्हटलं नाही. "मग. गावातच. राहू. दे. कुणी. विचारलं. तर. सांगा. तिलाच. गाव. सोडवत. नाही."

मग त्यांनी बोट वर नेलं, वासाच्या ओळीवर ठेवलं आणि मला विचारलं, "ह्ये लिवनाऱ्याचं नाव वर आसतंय न्हवं?"

"हो."

त्यांनी वाचलं. सुरेखा. त्यांना वाटलं होतं सून असेल. मलाही आधी तसंच वाटलं असतं. सून असती तर सगळ्या वर्गानं मिळून शिव्या दिल्या असत्या आणि काम हलकं झालं असतं. लेकीसाठी बायकांकडं शिव्या तयार नसतात.

"आन् ह्ये?" बिरूच्या ओळींवर त्यांनी बोट ठेवलं. बिरू इंग्रजी अक्षरांत लिहायचा. ती मेंढरं त्यांच्या ओळखीची नव्हती. मी वाचून पाहिलं. तुम्ही ठरवा, मला विचारू नका, एवढंच होतं. मी म्हणाले, "हे मला नीट कळत नाही, मावशी." तेवढी एक गोष्ट मी त्यांच्यासाठी शिल्लक ठेवली. त्या म्हणाल्या, "त्यानं आसं न्हाई लिवलं. बिरू न्हाई लिवनार."

त्या रडल्या नाहीत. उठायच्या आधी सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "मला वाचता येतंय त्ये माझ्या पोरान्ला कळू देऊ नगा. कुनी बोललं तर माझं मढं बघंल."

मला वाटलं होतं की आता जाब. मला वाटलं, शिक्रापूरला जातील, शिरूरला जातील, दारात उभ्या राहतील. मी बरोबर जायला तयार होते. मनात वाक्यंसुद्धा तयार होती.

त्यांनी वेगळंच केलं. तीन दिवसांनी वर्गात फोन घेऊन आल्या. डोळे बारीक, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी. नवनाथचा आवाज लावला, "आई, ये ना इकडं राहायला." त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "व्हय रं बाळा. येती. रईवारी येती. कायमचीच येती."

फोन मांडीवर ठेवला. "आता बगा," त्या म्हणाल्या.

मिनिटभरात मुंग्या यायला लागल्या. ठकूबाई वाचत होत्या आणि बायका खांद्यावरून वाकल्या होत्या. आता काय करायचं. तूच म्हणालास ती नाही म्हणते. सुरेखा, तू ने ना आठ दिवस. माझ्या सासूचं दुखणं आहे. ओव्हरटाईम सांग. मग नवनाथचा आवाज आला, लोण्यासारखा. "आई, या रविवारी नको गं, कंपनीत ओव्हरटाईम हाय. पुढच्या म्हैन्यात मी सोता न्यायला येतो."

शांताबाई हसून हसून लवंडली. "ठके, चांगलं नाचवलंस मेल्यांना!" ठकूबाईही हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पाणी पुसून फोनात म्हणाल्या, "बरं रं बाळा. जपून ऱ्हा. जेवलास का?"

पुढं हाच रिवाज झाला. त्या रोज वाचायच्या आणि रोज गोड बोलायच्या. मला ते असह्य व्हायला लागलं. मी म्हणायचे, "मावशी, हे खोटं कशाला चालवायचं? विचारा त्यांना तोंडावर."

"आन् मग?"

"मग त्यांना लाज वाटेल."

"लाज वाटली की मानूस जवळ येतं का लांब पळतं?"

पत्रकांत लाज वाटलेला माणूस नेहमी सुधारतो.

"पोरी," त्या एकदा म्हणाल्या. त्या दिवशी बाई म्हटलं नाही. "माझी पोरं खोटं बोलत्यात. पन रोज बोलत्यात. सकाळी उठून त्यान्ला आठवन ठिवावी लागती, का आईला फोनात बोलायचंय. खोट्याला बी आठवन लागतीच की. तुझ्या घरात मानसं हायत. तुला न्हाई कळायचं."

मला पटलं नाही. चोवीस वर्षांच्या माणसाला अर्धी भाकरी म्हणजे अपमान वाटतो. दुसऱ्याची असली तर जास्तच.

परीक्षेच्या रविवारी त्या नवीन लुगडं नेसून आल्या. बाकात बसता येईना, म्हणून खाली बसून पेपर लिहिला. सगळ्यांत आधी संपवला. तपासायला आलेले अधिकारी खूश झाले. त्यांनी वर्तमानपत्र हातात दिलं, वाचा म्हणाले, आणि मला म्हणाले, "व्हिडिओ काढा, मॅडम." ठकूबाईंनी वाचलं. कालव्याच्या पाण्याची बातमी होती. अडखळत सुरुवात झाली आणि मग घडाघड. जोडाक्षरंसुद्धा. मागं फळा होता, बाजूला टाळ्या वाजवणाऱ्या बायका होत्या. वाचून झाल्यावर त्या कॅमेऱ्याकडं बघून लाजल्या. त्या दोन मिनिटांत त्या मला फार सुंदर दिसल्या.

"हा त्यांच्या मुलांना पाठवा," अधिकारी जाता जाता सहज म्हणाले. "अभिमान वाटेल त्यांना."

व्हिडिओ त्यांच्या फोनात टाकून देते, असं म्हणून मी त्यांचा फोन मागून घेतला. त्या शांताबाईबरोबर पाणी प्यायला गेल्या होत्या. मी व्हिडिओ ग्रुपमध्ये टाकला. बोट चुकून लागलं नाही. अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून टाकला असंही नाही. तिघांनी तो बघावा आणि मागं जाऊन आपणच लिहिलेली एक एक ओळ त्यांनी आईच्या डोळ्यांनी वाचावी, म्हणून टाकला. फोन परत दिला आणि म्हणाले, "मावशी, फर्स्ट क्लास."

त्या दिवशी दुपारीच ग्रुपमध्ये एकाखाली एक तीन ओळी आल्या. सुरेखा यांनी ग्रुप सोडला. नवनाथ यांनी ग्रुप सोडला. बिरू यांनी ग्रुप सोडला. या ओळी फोन स्वतः लिहितो. त्यांना हाताचं वळण नसतं.

सोमवारी सकाळी आवाज आला नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी ठकूबाई माझ्याकडं फोन घेऊन आल्या. "बटन दाबलं गेलंय का बग," म्हणाल्या. मी बघितल्यासारखं केलं. "नाही, मावशी. नीट आहे." त्यांनी फोन घेतला, उंबऱ्यात थांबल्या, आणि त्या तीन ओळी मला वाचून दाखवल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. "तूच धाडलास न्हवं त्यो व्हिडिओ?" त्या म्हणाल्या. मी मानेनंच हो म्हटलं. त्या ओढा उतरून गेल्या, गुडघ्यावर हात ठेवत.

गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, नवनाथ गावात आला. आईच्या घरी गेला नाही. गाडी आमच्या दारात लावली. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. काळाभोर, हातावर तेलाचे डाग, डोळ्यांखाली जागरण. मी ज्याला इतके दिवस मनात उभं करून जाब विचारत होते तो माणूस खुर्चीच्या कडेला बसला आणि पाणी मागितलं.

"आईकडं गेलात?" मी विचारलं.

"न्हाई."

"का?"

"कुठल्या तोंडानं?"

मी सुरू झाले. सगळं बोलले. लेकरं, आई, माणुसकी. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शिक्रापूरला येक खोली हाय, मॅडम. त्यात आमी पाच जन. ट्रक गेला की भांडी वाजत्यात. मी आईला न्यायला पायजे व्हतं, त्ये खरंय. नेलं न्हाई, त्ये बी खरंय. पन तुमच्या घरात कुनी कुनाबद्दल पाठीमागं बोलत न्हाई का? बोलल्यालं उडून जातं. आमची चूक येवढीच, आमी लिवलं."

मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "तिला कळत न्हवतं तवर रोज सकाळी पाच मिन्टं मी चांगला पोरगा व्हतो. कंपनीत शिव्या खायच्या आधी, गेटवर थांबून, पाच मिन्टं. मला बी बरं वाटायचं. आता फोन हातात घेतला की वाटतं, काय बोललं तरी तिला मागचं समदं ठावं हाय. आन् तिनं मुद्दाम धाडला त्यो व्हिडिओ. बगा, मला वाचता येतंय, आसं म्हनत तोंडावर मारला."

इथं मी बोलायला हवं होतं. तिनं नाही, मी. तीन शब्द होते. जाब विचारायला लहानपणापासून शिकले होते, द्यायला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "चहा घेणार?" तो नको म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला, ओढ्याकडं न बघता.

निकाल लागला. ठकूबाई पास. प्रमाणपत्र द्यायला मीच गेले, कारण त्या शाळेत आल्या नाहीत. घरात चूल विझलेली, अंगणात काजळी पडलेली, झाडायचं राहिलेलं. त्यांनी प्रमाणपत्र घेतलं, वाचलं, वरपासून खालपर्यंत, शिक्क्यातली गोल अक्षरंसुद्धा मान वाकडी करून वाचली. मग घडी घालून गाडग्याखाली ठेवलं.

"नवनाथ आल्ता म्हनं तुझ्याकडं."

"हो, मावशी. त्याला लाज वाटते. म्हणून बोलत नाही. मनातून नाही सोडलं त्यानं."

"व्हय. मी तुला तेच सांगत हुते."

मग, अगदी साधेपणानं, भाकरीला पीठ आहे का असं विचारावं तसं विचारलं, "डिसेंबरात तुझ्याकडं फोन आनला हुता मी. आवाज गेला हुता तवा. तू वाचलं हुतंस का गं त्यातलं? आधीच?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं की या सगळ्यात एक माणूस तरी त्यांच्यासारखंच फसलेलं असावं. त्या दुपारी आम्ही दोघींनी एकदमच ते वाचलं असावं. पोरं गेली होती. ही एक बाई उरली होती, फळ्यापाशी उभी राहून शिकवणारी, आणि ती खरी आहे की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी म्हणाले, "नाही, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या.

मी उठले. त्यांनी थांब म्हटलं नाही. त्यानंतर मी त्यांच्याकडं गेलेले नाही. मुलांना शिक्रापूर लांब आहे, शिरूर लांब आहे. मला ओढा ओलांडायचा असतो, पाच मिनिटं लागतात. लाज वाटली की माणूस लांब पळतं हे मला आता कुणी शिकवायला नको. शांताबाई भेटते, सांगते. ठकी अजून एकटीच हाय. किराणाच्या पुड्याचा कागद बी सरळ करून वाचती. देवळात आलेला मासिकाचा अंक पहिल्यांदा तीच उघडती. वाचून झाला की दुसऱ्यान्ला सांगती, काय लिवलंय त्यात.

म्हणून हे इथं लिहिते आहे, त्या वाचतील अशा जागी, जोडाक्षरं टाळून सोपं करायचा प्रयत्न न करता. त्यांना सगळं येतं.

मावशी, डिसेंबरात मी वाचलं होतं.